खाच नसलेलं मशीन

माझी मोठी बहीण मुरबाडकडच्या एका गावात दिलेली आहे. त्या वर्षी डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, पाच महिने पलंगावरून उठायचं नाही. आधीची दोन पोटातच गेली होती, हे तिसरं. बाथरूमपर्यंत जायचं तेवढंच चालणं, तेही सासूबाईंचा हात धरून. खोलीला एक खिडकी, खिडकीबाहेर पेंढ्याची उडवी आणि पलंगासमोर टीव्ही.

मी आटगावला राहते, शहापूरला एका ऑफिसात काम करते. सुट्टी रविवारची एकच. पहिले तीन रविवार मी स्कूटीने किन्हवलीमार्गे तिच्याकडे गेले. चौथ्या रविवारी माझा जीव मेटाकुटीला आला. खरं सांगते, मला ती खोली सोसत नव्हती. ती पडलेली असायची आणि कोंडल्यासारखं मला व्हायचं. त्यात सासूबाई दर पाच मिनिटांनी डोकावून “जपून हां” म्हणायच्या, जणू मी तिला उचलून आपटायलाच आले होते.

म्हणून मी गेमच्या मशीनची शक्कल काढली. एक माझ्याकडे होतंच. दुसरं तिला द्यायचं, आणि दोघींनी आपापल्या घरी बसून एकच खेळ खेळायचा. लहानपणी आम्ही टीव्ही गेमच्या रिमोटवरून एकमेकींच्या झिंज्या उपटल्या होत्या. तिचा वेळ जाईल, असं मी सगळ्यांना सांगितलं. माझे रविवार सुटतील, हे कोणालाच सांगितलं नाही.

“चालेल, आण,” ती म्हणाली. “पण लावून द्यायला तूच ये.”

तिच्यासाठी मी माझ्या मशीनच्याच कंपनीचं, पण जुन्या पिढीतलं वापरलेलं मशीन घेतलं. स्वस्तात पडलं म्हणून ऑफिसात मिरवलेसुद्धा. खेळाची डिस्क मात्र एकच घेतली. आमच्याकडे लावणी सावडीवर होते: आज सगळे मिळून तुझ्या शेतात, उद्या माझ्या. लग्नाची मोठी पातेली गावभर फिरतात, शिडी फिरते, फवारणीचा पंप फिरतो. मग डिस्क का नाही फिरणार? आधी तिच्या मशीनमध्ये घालायची, मग माझ्या, असा माझा साधा हिशेब.

तिच्याकडे जाऊन खोका उघडला आणि डिस्क हातात धरून मी मशीन पुढून बघितलं, मागून बघितलं, उलटं केलं. माझ्या मशीनला पुढे लांब खाच आहे, डिस्क सरकवायची. याला कुठेच नाही.

“पोटाखाली बघ गो, तिथं असंल,” ताई पलंगावरून म्हणाली आणि हसता हसता एकदम पोट धरून गप्प झाली. सासूबाई लगेच दारात. मी डिस्क पाठीमागे लपवली, का ते मलाही सांगता यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या माणसाला मी गाठलं. तो आधी पोटभर हसला. म्हणाला, खाच असती तरी सावड जमली नसती, कारण खेळताना डिस्क आतच लागते. आता बाईसाहेब, कंपनीच्या ऑनलाइन दुकानातून विकत घ्या. तिथे तोच खेळ माझ्या डिस्कपेक्षा कितीतरी महाग. मी भडकलेच. तर म्हणे, डिस्क दहा दुकानदार विकतात, खेळून झाली की लोक निम्म्यात काढतात, म्हणून तिचा भाव उतरतो. खाच नसलेल्या मशीनला दुकान एकच, ते लावेल तो भाव. हातात धरायच्या छोट्या मशीनचं आणखी तिसरंच. त्याचा खेळ नखाएवढ्या कार्डावर येतो, ते कार्डच महाग, आणि सगळा खेळ त्यात मावला नाही तर उरलेला वर डाउनलोड करा.

पुढची गंमत म्हणजे खेळ एकच, पण तिच्या मशीनवर तो माझ्या दीडपट जागा खाणार होता. तो म्हणाला, जुन्या मशीनच्या आत खेळ साठवायची तबकडी असते, हार्ड डिस्क, ती हळू फिरते. खेळातलं एखादं झाड शोधायला त्या तबकडीला लांब जावं लागू नये म्हणून तेच झाड दहा ठिकाणी भरून ठेवतात.

“म्हणजे विळा शोधायला नको म्हणून प्रत्येक कोनाड्यात एकेक विळा?”

“अगदी बरोबर. आणि ते सगळे विळे तुमच्या ताईंनी डाउनलोड करायचे.”

मी मुकाट्याने खेळ विकत घेतला. ताईच्या घरी छपरावर वायफायचा डबा होता. पुढच्या रविवारी डाउनलोड लावून दिलं. फार तर चार दिवस, असं मनाशी धरून घरी आले. शुक्रवारी तिचा फोन.

“पस्तीसवर अडकलंय गो. मला काय समजत नाय. तू येतंस का?”

गेले. रविवारी मी बसले होते तोवर बावन्नपर्यंत गेलं. मग पुन्हा तिथेच अडकलं. त्याच्या पुढच्या रविवारी एकसष्ट. मी वायफायच्या कंपनीला फोन करून भांडले. भावोजींना छपरावर चढवून डबा पूर्वेकडे वळवला, मग पश्चिमेकडे. एकाही माणसाला झापायचं बाकी ठेवलं नाही. मधल्या वेळात दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळे आम्ही वालाच्या शेंगा सोलायचो. ती सांगायची, रात्री बाळ हललं नाही की ती श्वास धरून वाट बघते, आणि नवऱ्याला उठवत नाही. मी ऐकायचे आणि डोळे टीव्हीवरच्या आकड्यावर. सत्त्याहत्तर. आता सुटेन, मग सुटेन.

पुढच्या एका रविवारी मी पोचले तेव्हा आकडा चौऱ्याण्णववर उभा होता. ताई सासूबाईंचा हात धरून बाथरूमला गेली. मी रिमोट घेतला आणि इतके दिवस डब्यावर राग काढण्याच्या नादात जे बघितलं नव्हतं ते उघडून बघितलं. बिघाड काहीच नव्हता. नुसतं लिहिलं होतं, थांबवलेलं आहे. मी बटण दाबलं तर आकडा भराभर पळायला लागला.

ताई परत आली, हळूच आडवी झाली. तिने टीव्हीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“मीच थांबवतंय,” ती म्हणाली. “तू गेलीस का बंद करतंय, आलीस का चालू.”

“का गो ताई?”

“पुरं झाल्यावर तू कशाला येशील?”

ती चिडून म्हणाली असती तर मी भांडले असते, ते मला येतं. तिने पावसापाण्याची चौकशी करावी तशा आवाजात विचारलं. मी कोणालाच न सांगितलेलं तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि तरी ती “आण” म्हणाली होती. मला इतकी लाज वाटली की तिच्या पायावरची चादर मी उगाच सारखी करत बसले.

टीव्हीवर अठ्ठ्याण्णव झाले होते. डॉक्टरांनी सांगितलेल्यातले दोन महिने अजून जायचे होते. मी रिमोट उचलला आणि डाउनलोड थांबवलं.