दादांसाठी भाजलेली भुकटी

एकनाथ गेल्याचा वहिनींचा फोन आला तेव्हा मी छावणीच्या बाजारात भाजी घेत होतो. काय बोललो, आठवत नाही. दीड महिना झाला, अजून त्याच्याशी मनातल्या मनात भांडतो आहे... मला न सांगता जायची ही कुठली रीत?

विद्यापीठात रसायनशास्त्राच्या एकाच प्रयोगशाळेत आम्ही संशोधन केलं. तेव्हा चिकलठाण्यात नवनवी धुराडी उभी राहत होती आणि शहरात विद्यापीठाच्या नामांतराचे मोर्चे निघत होते. मी मोर्चात चालणाऱ्या वस्तीतला, एकनाथ बड्या शेतकऱ्याच्या घरातला. नामांतराच्या बाजूच्या पत्रकावर त्यानं उघड सही केली. आईबापामागं त्याला वाढवणाऱ्या थोरल्या भावानं, दादांनी, निरोप धाडला, "पुन्हा उंबरा चढू नको." गडी मानी, सही काही मागं घेतली नाही. पण दादांचं नाव निघालं की विषय बदलायचा.

धुरातल्या कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनॉल करायचं, हे आमचं खूळ. तांब्या-जस्ताच्या भुकटीवरून तो वायू हायड्रोजनसोबत दाबाखाली सोडला, की पलीकडच्या थंड नळीत थेंबभर मिथेनॉल जमायचं. एकदा गावाकडून कळलं, दादा मोंढ्यात धान्य विकायला येणार आहेत, जमलं तर प्रयोगशाळेत डोकावतील. पाहुणे येणार म्हणून भिंतीला चुना द्यावा, तशी एकनाथनं ती भुकटी भट्टीत पुन्हा कडक भाजली. म्हणाला, "दादांना मळकट काय दाखवायचं रं? जरा चमक पायजे."

दिवसभर नळी कोरडी. दादाही आले नाहीत. संध्याकाळी तो कपाळावर हात मारून म्हणाला, "आपणच माती केली की. जातं गुळगुळीत झाल्यावर दळण पडतं व्हय? टाकी मारून खडबडीत करावं लागतं." खरंच होतं ते. कणांच्या पृष्ठभागावर कुठं एखादा अणू निसटलेला असतो, कुठं कड तुटलेली असते; कार्बन डायऑक्साइड अशाच जागी अडकतो आणि हायड्रोजन त्याला तिथंच गाठतो. जास्त भाजल्यानं त्या जागा बुजल्या होत्या. पुढं त्यानं हाच विषय धरला आणि जन्मभर मुलांना जात्यावरून शिकवला.

नामांतराचा प्रश्न मिटला, एकनाथनं उस्मानपुऱ्यात घर बांधलं. दादा वास्तुशांतीलाही आले नाहीत. मी त्यांना नावं ठेवली की माझ्यावरच उखडायचा, "खांद्यावर बसवून शाळंत न्हेलंय त्यांनी मला. तू नको बोलू."

ते आले ते थेट तेराव्याला. काठी टेकत आत आले, डोक्याचा फेटा उतरवला आणि कुठं ठेवावा म्हणून इकडंतिकडं बघू लागले. वहिनींनी दाराशेजारची खुंटी दाखवली.

"तिथं ठेवा. घर बांधलं तवाच ठोकून घेतली त्यांनी, तुमच्या फेट्यासाठी. आम्हाला कधी पिशवी बी अडकवू दिली नाय."

दादा फेटा छातीशी धरून कितीतरी वेळ खुंटीसमोर उभे राहिले... मला रडू आवरेना. मग त्यांनी तो हलक्या हातानं खुंटीवर ठेवला आणि संध्याकाळी बोडक्या डोक्यानंच गावी परतले.