स्केटचं बोंड

हेडमास्तरांचा मला राग होता आणि तो मी लपवत नव्हते. राज्यांची नवी वाटणी होऊन आदिलाबाद आंध्रात गेलं आणि हे समुद्रकाठचे गृहस्थ आमच्या शाळेवर आले. आल्या दिवसापासून माझा मराठी वर्ग त्यांच्या डोळ्यांत खुपत होता. तो बंद करून खोली तेलुगू वर्गाला द्यायची, हा एकच ध्यास. माझी काय, कुठंतरी बदली झाली असती. पण माझ्या मुलींना घरचे तेलुगू वर्गात बसवणार नव्हते, सरळ शेतात धाडणार होते. म्हणून मी भांडत होते.

तपासणीचे साहेब येणार ठरल्यावर हेडमास्तरांनी मुद्दाम मला समुद्रातल्या माशाचा पाठ दिला. "तुम लोग समुंदर देखा क्या?" मोडक्या हिंदीत विचारून वर हसले. मी म्हटलं, "नहीं देखा. पढ़ा है." मग त्यांनी गावाहून आणलेली बरणी कपाटातून काढून दिली, जणू स्वतःची किडनीच देत होते.

बरणीत स्केट होता. भाकरीसारखा चपटा, समुद्राच्या तळाशी वाळूत अंग पुरून पडणारा मासा. पोटाकडची बाजू बघून मुली खिदळल्या. "बाई, हा तं हासून राह्यला!" मी सांगितलं, ते डोळे नव्हेत, नाकपुड्या आहेत. डोळे पाठीवर. तोंड खाली वाळूत, म्हणून श्वासाचं पाणी तो डोळ्यांमागच्या भोकांतून घेतो. हेडमास्तर साहेबांशेजारी उभे राहून चूक शोधत होते. ती सापडत नव्हती, याचं मला फार सुख झालं.

मग बरणीबरोबर कपाटातून आलेली त्याच्या अंड्याची पिशवी मुलींच्या हाती दिली. काळी, वाळलेली, चार कोपऱ्यांना चार शिंगं. आई ती तळाशी टाकून निघून जाते, बारीक फटींतून पाणी आत-बाहेर खेळतं आणि पिल्लू कित्येक महिने आतच वाढतं. ही पिशवी रिकामी आहे, असं हेडमास्तरांनीच सांगितलं होतं.

आमच्याकडे हंगाम सरताना कापसाची न फुटलेली बोंडं घरी आणून अंगठ्यानं उकलतात. पहिल्या बाकावरच्या मुलीच्या हातात पिशवी आली आणि अंगठा आपोआप चालला. कडकन आवाज झाला. आत बोटभर स्केट होता. पंख दुमडलेले, शेपूट वळलेली, सगळा वाळून गेलेला.

हेडमास्तर ओरडले. साहेबांनी मुलीला विचारलं, असं का केलं? ती म्हणाली, "फुटेल नव्हतं जी. म्हनून उकललं." साहेब डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, पाठ उत्तम म्हणाले. मला वाटलं, जिंकले.

हेडमास्तरांनी वर कळवलं की या मुलींना वस्तू हाताळायची अक्कल नाही. जूनमध्ये वर्ग बंद झाला. साहेबांनी चकार शब्द काढला नाही. त्या दोघांना मी आजही माफ केलेलं नाही.

दिवाळीनंतर मावला गावाकडच्या एका शेतात ती मुलगी दिसली. कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होती. मला बघून धावत बांधावर आली.

"बाई, ते पिल्लू पान्यातच राह्यलं असतं तं जगलं असतं काय जी?"

"जगलं असतं," मी म्हटलं.

"मंग त्याले कपाटात काऊन ठेवलं?"

मागून तिच्या आईनं हाक मारली, तशी ती ओळीत परत गेली.