भंडाऱ्याच्या काचा अन् जावईबापूची साडी

दिवाळीच्या सुट्टीत कोणी गोव्याले जाते, कोणी देवाले जाते. मी मोहाडीहून भंडाऱ्याले गेली, कपड्याच्या दुकानाच्या काचा पहाले. एसटीनं अर्धा-पाऊण तास. हसू नका. तीन महिने झाले, मी अंगणाच्या बाहेर पाय टाकला नव्हता. माझ्यासाठी हा लय लांबचा प्रवास होता.

पहिले सांगून देते, हा ब्लॉग माझा नाही, माझ्या नणंदेचा, विद्याचा आहे. ती कॉलेजात जाते, फिरते, लिहिते. मी आठवीपर्यंत शिकली. ती म्हणे, "वहिनी, ह्या वेळी तू लिही. बोलते तसंच लिही, कोणी मार्क देणार नाही."

तं तीन महिने काहून नाही निघाली, तेही सांगते. माझी पोरगी आरू सवा वर्षाची आहे. श्रावणात तिले ताप चढला. मी नळावर पाण्याले गेली, तिले सासूबाईजवळ दिलं. तेवढ्यात तिले झटका आला. मी आली तं सासूबाई तिले मांडीवर घेऊन "आरू, आरू" करून राहिल्या होत्या, अन् आरूचे डोळे वर गेलेले. डॉक्टरनं पाह्यलं, म्हणे लहान लेकराईले तापात होते असं, आता बरी आहे, घाबरू नका. दुसऱ्या दिवशी आरू खेळाले लागली. माझं भेव काही गेलं नाही.

तेव्हापासून मी तिले कोणाच्याच हातात दिलं नाही. तिच्या बापाच्याही नाही. सासूबाई हात पुढे करत, मी म्हणे, "राहू द्या आई, तिले झोप आली." किती वेळा म्हणलं असन, देव जाणे. मंग त्याईनं हात पुढे करणं सोडलं. सूप घेऊन ओसरीत बसत.

एक दिवस विद्या म्हणे, "वहिनी, भंडाऱ्यात दिवाळीच्या शोकेस लागल्या. तुझ्या माहेरी माग आहे, तुले कापडातलं समजते. चल, दिवसभर नावं ठेवू."

"आरूले घेऊन?"

"मंग काय, आरूले कुलूप लावून?"

घरचे म्हणाले, जाऊन ये. हे राईस मिलमध्ये कामाले आहेत, सीझन होता, त्याईले याले जमत नव्हतं. मी थर्मामीटर घेतलं, तापाचं औषध घेतलं, डॉक्टरची चिठ्ठी घेतली, तीन फ्रॉक, दोन टोप्या. विद्या म्हणे, "पंखा राहिला व."

सकाळी साडेनऊची गाडी पकडली. बाईले अर्धं तिकीट लागते, आरूचं काहीच नाही. दोन्हीकडे धान पिवळं झालं होतं, काही बांध्याईत कापणी चालू होती. असं सगळे सांगतात. मी पाह्यलं नाही. माझा हात आरूच्या कपाळावर होता. वरठीजवळ कंडक्टरबाईनं इचारलं, "ताप आहे का लेकराले?"

"नाही."

"मंग कायले घडी घडी पाहून राहिली? त्या पोरीले वाटन तिच्या डोक्यावर छप्परच आहे."

सगळी गाडी हसली. आरूही हसली. तिले काय समजलं तिलेच माहीत.

लेकरू घेऊन येणाऱ्या बायाईसाठी सांगते, भंडाऱ्याच्या स्टँडवर उतरल्यावर पहिले लेकराले पाजून घ्या, मंग बाजारात बसाले जागा भेटत नाही. स्टँडबाहेर तर्रीपोहे खाल्ले, म्हणजे पोह्यावर चण्याचा रस्सा, वीस रुपये प्लेट. तर्री तिखट होती, पण तीन महिन्यात पहिल्यांदा बाहेरचं खाल्लं, मी दोन वेळा मागून घेतली. बाजारात जायचं तं बाराच्या आधी जा. मंग गर्दी होते अन् काचेवर ऊन पडते, आतलं काही दिसत नाही, आपलंच तोंड दिसते.

आता नावं ठेवते.

पहिलं दुकान लेकराईच्या कपड्याचं. काचेच्या मागे एका पोरीचा पुतळा, चमचम करणारा नायलॉनचा घेरदार फ्रॉक, अन् हातात फुलझडी. कागदाचीच होती ठिणगी, तरी मी आरूले घेऊन एक पाऊल मागे सरकली. नायलॉन घालून फुलझडी? कोणती माय देईन? विद्या म्हणे, "वहिनी, तो पुतळा आहे." मी म्हणलं, "पुतळ्याले मायच नाही, म्हणून तं असं झालं." बाजूच्या पोराच्या पुतळ्याले मात्र सुती कुर्ता होता, बटणं मोठे, बाहीले सैल. त्याले मी दहापैकी नऊ देते. एक कापला, कारण किमतीची चिठ्ठी नाकावर लटकून राहिली होती.

दुसरं दुकान माणसाईच्या कपड्याचं. सहा पुतळे, साही टकले, साहीले काळे चष्मे. दिवाळीत घरात काळे चष्मे कोण घालते? सदरे चांगले होते, पण मागून टाचण्या लावून असे ओढले होते का माणसाले जेवताच येणार नाही. वरतून प्लास्टिकच्या झेंडूच्या माळा. अन् त्याच दुकानाच्या पायरीखाली एक बाई खऱ्या झेंडूचा ढीग लावून बसली होती. दहा पावलं चालले असते तं काच जिवंत झाली असती.

तिसरं दुकान बाजूचंच, साडीचं. तोवर एक वाजून गेला होता, पण ह्या काचेवर छपराची सावली होती. इथं मी थांबली, कारण मधातल्या पुतळ्याले टसर रेशमाची करवतकाठी साडी होती. माझे बाबा पवनीले हातमागावर तेच विणतात. काठाले करवतीसारखे दाते असतात, म्हणून ते नाव. दिवे सुंदर लावले होते, खाली तांदळाची रांगोळी, रंग एकमेकाले शोभत होते. पण साडी उलट्या टोकानं नेसवली होती. पदर आत खोचला होता, अन् दुसरं टोक खांद्यावर. त्या टोकाले मागाचे सुटे धागे लोंबतात, त्याले दशा म्हणतात. विकल्यावर त्या कापतात नाहीतं गाठी मारतात. इथं त्या दशा विंचरून खांद्यावरून समोर सोडल्या होत्या.

मी जोरात म्हणलं, "अवं विद्या, पाय ना! पदर पोटात अन् दशा खांद्यावर!"

दुकानाच्या दारात एक काकू उभ्या होत्या. पांढरे केस, मोठं कुंकू, मालकीणच होत्या. मी घाबरली. आता झापतात म्हणून मी आरूले घट्ट धरलं.

काकू जवळ आल्या अन् हळूच बोलल्या, "चार दिवसापासून मी वाट पाहून राहिली, कोणी तं म्हणन."

"तुमाले माहीत होतं?" विद्या म्हणे.

"चाळीस वर्षं साड्या विकून राहिली मी. जावईबापूनं केलं आहे हे. दिवाळीले आले, म्हणे सासूबाई, ह्या वेळी शोकेस मी लावतो. त्या धाग्याईले गोंडे समजले. म्हणे फॅशन आहे. आता जावयाले कोण बोलन?"

"मंग तुमच्या पोरीनं बोलावं."

"ती म्हणते, आई, दिवाळी खराब करू नको." काकूनं इकडे तिकडे पाह्यलं. "ते आता वर जेवून झोपले आहेत. तुमाले येते का बाई नेसवता? तासभर आहे आपल्याजवळ."

मले येत होतं. हात शिवशिवत होते. पण आत काचेत जागा एकाच माणसाची होती, अन् आरू माझ्या कडेवर. विद्यानं हात पुढे केले. मी सवयीनं म्हणाले लागली, तिले झोप आली. आरू टकटक डोळे उघडे ठेवून दिव्याईले पाहून राहिली होती. मी तिले विद्याजवळ दिलं.

चपला काढून मी काचेत चढली. आत लय गरम होते. बाहेरून विद्या आरूले घेऊन काचेजवळ उभी राह्यली. आरू रडून राहिली होती, तोंड पूर्ण उघडं, हात काचेवर आपटून राहिली, अन् मले काहीच ऐकू येत नव्हतं. मी साडी सोडवली, टाचण्या तोंडात धरल्या अन् निऱ्या घालाले लागली. एकेक निरी घातली का बाहेर पाहो. सहावी, सातवी. पदर घ्याले मी पाठ फिरवली, पुतळ्याच्या खांद्यावर टाकला, वळून पाह्यलं तं काचेच्या बाहेर आरू नाही. विद्या नाही. सायकलवाला उभा होता एक, मलेच पाहत.

मी कशी उतरली मले आठवत नाही. चपला नाही घातल्या. रस्त्यावर आली, इकडे पाह्यलं, तिकडे पाह्यलं, "विद्या!" म्हणून ओरडली, तं तोंडातल्या टाचण्या खाली पडल्या.

"इथं आहे व!"

झेंडूवाल्या बाईच्या मांडीवर आरू बसली होती. दोन्ही मुठीत फुलं, केसात पाकळ्या. ती बाई एक फूल लपवे अन् काढे, अन् आरू खदखदा हसे. विद्या बाजूले उभी होती. "रडून राहिली होती म्हणून इथं आणलं," ती म्हणे.

झेंडूवालीनं मले पायापासून डोक्यापर्यंत पाह्यलं. "बाई, हा हात कोणाचा आणला?"

तेव्हा मले समजलं का पुतळ्याचा उजवा हात कोपरापासून निघून माझ्या मुठीत आला होता. रस्त्यावरचे लोक हसले. मीही हसली, अन् मंग मले रडू आलं. आरूनं एकदा माझ्याकडे पाह्यलं अन् परत त्या बाईच्या मुठीकडे पाहाले लागली. माझ्यावाचून तिचं रडणं थांबलं होतं. माझ्यावाचून ती हसून राहिली होती. मले वाईट वाटलं का हलकं, मी अजूनही सांगू शकत नाही.

"घेऊ का तिले?" मी म्हणलं.

"मी पळून नाही चालली," झेंडूवाली म्हणे. "एवढा ढीग सोडून कुठं जाऊ? जा, तुझं काम कर."

मी परत काचेत चढली. हात बसवला, पदर चापून टाकला, दशा आत घेतल्या. एकदाच बाहेर पाह्यलं. खरं सांगते, दोनदा.

झाल्यावर आरूले आत आणलं, काकूनं चहा दिला, मले कुंकू लावलं, ब्लाऊजपीस दिला. पैसे मी घेतले नाही. तेवढ्यात जावईबापू डोळे चोळत खाली आले. मी अन् विद्यानं कपात तोंड घातलं. ते बाहेर गेले, काचेसमोर उभे राह्यले, मान तिरपी करून लय वेळ पाह्यलं. आत येऊन म्हणे, "सासूबाई, पाहा, दुपारच्या उजेडात माझं डेकोरेशन कसं खुलते!"

"खुलते ना, बापू," काकू म्हणे.

विद्या चहा घेऊन मागे पळाली.

निघताना मी काकूले म्हणलं, "तुमी चार दिवस चूप कशा राह्यल्या? मी नसती राह्यली."

"सासूचं तसंच असते बाई. आपण बोललो का ते लागते. दिसते सगळं, पण पाहून राहावं लागते, का कधी त्याईच्याच मनात येईन."

चारच्या गाडीनं आम्ही परत निघालो. आरू विद्याच्या मांडीवर झोपली. मी खिडकीत बसली अन् ह्या वेळी धान पाह्यलं. मले कोणाकोणाचे आभार मानावे समजत नव्हतं. त्या कंडक्टरबाईचे, विद्याचे, काकूचे, जिचं नावही इचारलं नाही त्या झेंडूवालीचे. अन् डोक्यात घुमत होतं, तिनं, एका अनोळखी बाईनं, माझी पोरगी मांडीवर घेतली, अन् घरी जिची नात आहे त्या सासूबाईले मी तीन महिन्यापासून रिकाम्या मांडीनं बसवलं. ताप त्याईनं आणला नव्हता. त्या दिवशी आरूच्या नावानं आवाज देणारं कोणी होतं तं त्याच होत्या.

घरी आलो तं सासूबाई ओसरीत तांदूळ निवडून राहिल्या होत्या. "आल्या का?" एवढंच म्हणल्या. आरूकडे पाह्यलं, हात सुपातच ठेवले.

मी सूप बाजूले सरकवलं अन् आरूले त्याईच्या मांडीवर ठेवलं.

त्या माझ्याकडे पाहाले लागल्या. "झोप आली असन तिले," त्या म्हणल्या.

"नाही आई," मी म्हणलं. "आत्ताच उठली. तुमी घ्या."

अन् मी सूप घेऊन आत गेली.