हौदा?

निजामाच्या राज्यात मुरुमच्या बाजारात एक कानडी कासारीण बसायची. मराठीचं तिला ओ की ठो कळत नव्हतं. मूल गेल्यापासून मुकी झालेली माझी काकू तिच्याकडं बांगड्या भरायला गेली आणि हात तिच्या हातात असतानाच भडाभडा बोलत सुटली. कासारीण मनगट दाबत नुसती म्हणायची, "हौदा?" म्हणजे, असं व्हय?

काकू दर बाजारी जाऊ लागली, जेवू लागली. हकिमाच्या काढ्यांना हे जमलं नव्हतं.

पुढं कासारीण मराठी शिकली. आता आणखी गुण येईल, असं आम्हाला वाटलं. त्या बाजारी ती काकूला म्हणाली, "लई मनाला लावून घेऊ नका, बाई."

काकूनं हात काढून घेतला. घरी येऊन म्हणाली, "आदी तिला समदं कळायचं."