सतरावी ओळ

संध्याला हिंगोलीच्या ऑफिसात सगळे 'कोडवाल्या मॅडम' म्हणायचे. त्यांची संस्था गावोगावच्या अंगणवाड्यांत लेकरं तपासायची. डॉक्टर कागदावर खरडायचे, अन संध्या कॉम्प्युटरवर त्याचा आकड्यांचा कोड करायची. नेहमीच्या तपासणीचा कोड ठरलेला. शेवटी नऊ आला की लेकरू ठणठणीत, तसा कागद घरी जायचा. एक आला की काहीतरी सापडलंय, मग मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी निघायची.

आता गोरेगावची बासष्ट लेकरं, बहुतेक सगळी नऊवाली. एकेक कोड कोण टाकत बसतं? पहिल्या ओळीला टाकायचा अन माउसनं सर्रकन खालपर्यंत ओढायचा. सगळेच ओढायचे हो, तिला एकटीलाच काहून नावं ठेवायची? पण त्या यादीत सतराव्या ओळीला, शिवकन्याच्या नावापुढं, डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'छातीत आवाज'. त्याच्यावरूनही नऊ ओढला गेला.

चार महिन्यांनी पाच वर्षांची शिवकन्या खेळता खेळता गेली. बातमी आली तशी संध्यानं डॉक्टरांच्या यादीचा तो कागद काढला, सतरावी ओळ वाचली. पुढं वाचायचा धीर झाला न्हाई. कागद तिनं कपाटात कोंबला.

तेव्हापासून पाठ सुटेना. भरदुपारी लाईट गेली, पंखा थांबला की मागं कुणीतरी बारीक धापा टाकायचं. वळून पाहावं तर कपाट. तिला त्या कपाटाची भीती वाटायला लागली. शेवटी एका मंगळवारी ती गोरेगावच्या जीपमध्ये बसली.

शिवकन्याची आई नर्मदाबाई ओट्यावर तूर पाखडत होती. तपासणीवाल्या संस्थेच्या मॅडम आल्यात म्हणून तिनं आधी पाणी दिलं.

"पोरीला दम लागायचा, मॅडम. मी म्हणत व्हते, नांदेडला नेऊ. मालकानं तुमचा 'ठणठणीत'वाला कागद दाखवला. शिकलेल्या मान्सापुढं आपलं काय चालतं? मीच येडी, उगं संशय घेऊन राहिले व्हते."

गप्प बसली असती तर संध्या सुटली असती. पण त्या बाईनं जन्मभर स्वतःला येडी म्हणायचं, हे तिला सोसेना.

"तुमचंच बराबर होतं, बाई. डॉक्टरला आवाज सापडला होता. कोड मी चुकीचा टाकला."

सूप थांबलं. नर्मदाबाई उठली. आत गेली, अन तीन वर्षांच्या धाकट्याला हाताला धरून घेऊन आली.

"त्याच दिवशी ह्याला बी तपासलं व्हतं," ती म्हणाली. "ह्याचं बी तुमीच लिवलं का?"