केळापूरची लाल फुली

माझं दारव्ह्यात फरशीचं दुकान. दहावीपर्यंत शाळेनं शिकवलं, पुढचं गिऱ्हाइकांनी. पोरगी निशा मात्र सिव्हिल इंजिनिअरिंगला, आणि तिचा सर्व्हे कॅम्प केळापूरजवळ. कॅम्प संपायच्या दुसऱ्याच दिवशी दारव्ह्यात पुतण्याचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. "पोरीले घेऊनच या," म्हणत बायकोनं पुरणपोळ्यांचा डबा हाती दिला आणि मी निघालो.

जाणाऱ्यांसाठी सांगतो: दारव्ह्याची जीप भरल्याशिवाय निघत नाही, आणि भरल्यावर आणखी तिघं बसतात. यवतमाळच्या स्टँडवर तर्री-पोहे खा. वीस-पंचवीस रुपयांत कान गरम होतात. तिथून पांढरकवड्याची एसटी, केळापूर त्याला लागूनच. सागाचं रान संपलं की हायवे, अन् ट्रकच ट्रक.

कॅम्प ढाब्याशेजारी होता. पोरं तिपाईवरच्या दुर्बिणीतून आकड्यांची उंच पट्टी वाचत होती. निशानं समजावलं, "बाबा, एक पक्की खूण धरायची, तिला बेंचमार्क म्हणतात. तिथून गावभर उंची मोजत फिरायचं अन् परत तिथंच यायचं. सुरुवातीची अन् शेवटची उंची जुळली पाहिजे. नाही जुळली तर उद्या पुन्हा."

"मंग साक्षगंध?"

"म्हणून तर घाई आहे ना."

पक्की खूण पाहायला गेलो, तर ढाब्यासमोर उभ्या ट्रकच्या पायरीवर लाल फुली.

"ट्रकवर काहून?"

तिचा जोडीदार म्हणाला, "काका, ढाबेवाले म्हणे, दिवाळीपासून हलला नाही. चाकाखाली गवत उगवलं. आमच्या कॉलेजच्या बाकांपेक्षा पक्का आहे."

गट गावाकडे गेला, मी बाजेवर आडवा झालो. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरच्या फटफटाटानं जाग आली. ट्रकवाला हात पुसत उभा होता. "माल मिल गया भैया, हैदराबाद निकलना है."

ट्रक गेला तर फुलीही जाणार. पण गिऱ्हाईक थांबवून धरणं हाच आपला धंदा. डबा उघडला. "भुकेल्या पोटी कोण जाते राजा?" मी तूप वाढत गेलो, तो खात गेला. डबा खडखडला तेवढ्यात गट धापा टाकत आला. फुलीवर पट्टी, दुर्बिणीला डोळा. निशाचा चेहरा उतरला. चार बोटांचा फरक.

कॅम्पच्या सरांनी विचारलं, "चूक कुठं झाली?"

निशा चाकांजवळ वाकून आली. "सर, बेंचमार्कमध्ये हवा भरली."

सर बाजेवर बसले. हसण्यानं त्यांचं पोट हलत होतं. मग म्हणाले, "उद्या पूल बांधाल तर पाया होडीत घालाल का?"

पहाटे नाल्याच्या पुलाच्या कठड्यावरून सगळं पुन्हा. पट्टी माझ्या हाती. "काका, पट्टी सरळ आहे, तुम्हीच वाकडे होऊन राह्यले." या वेळी जुळलं. साक्षगंधाला पोचलो तेव्हा शेवटची पंगत बसत होती. निशाच्या बोटांना लाल रंग तसाच.

घरी बायकोनं विचारलं, "पुरणपोळ्या पोरांनी खाल्ल्या?"

"हैदराबादला गेल्या."

"अन् पोरगी काय शिकली?"

"जे जागचं हलत नाही, तिथूनच मोजायचं."

"मंग एवढ्या दूर कायले गेली? रविवारी जेवल्यावर तुम्ही असता ना सोफ्यावर."

त्या रविवारी झोपून उठलो, तर सदऱ्यावर, बरोबर पोटाच्या मधोमध, लाल फुली. सदरा अजून धुवायला टाकला नाही.