जहाजाच्या दिवशी वाडीवर होडी नसते

आमच्या खसबच्या बंदराला परदेशी जहाज लागलं, की खाडीतल्या वाड्यांवर एक होडी शिल्लक राहत नाही. सगळ्या होड्या जहाजावरच्या पाहुण्यांना डॉल्फिन दाखवायला जातात. वाड्यांना रस्ता कुठला? मागे उभा डोंगर, पुढे पाणी, फोनला रेंज नाही. बायका त्या दिवशी दारं लावून आत बसतात. मेल्यांचे कॅमेरे थांबत नाहीत ना!

मुसब्बह तसा मुलखाचा अबोल. वारा, मासळी आणि बायको शम्सा, एवढंच त्याचं जग. शम्साला आठवा लागला होता. सकाळी ती म्हणाली, "आज नको ना जाऊस. पोटात कसंतरीच होतंय."

"जहाज काय रोज येतं का गं? संध्याकाळी आलोच," असं म्हणून तो निघाला.

दुपारी पाहुण्यांनी भरलेली मालकाची होडी घेऊन तो आपल्याच वाडीसमोरून चालला होता. किनाऱ्यावर कुणीतरी डोक्यावरची काळी ओढणी काढून जोरजोरात हलवत होतं. पाहुणे खूश! तेही हात हलवायला लागले, फोटो काढायला लागले. मुसब्बहनं मात्र ओळखलं. ती त्याची आई होती. अशा दिवशी उंबरा न ओलांडणारी बाई गुडघाभर पाण्यात उभी होती.

त्यानं सुकाणू वळवलं.

"अरे, वेड लागलं का तुला?" पाहुण्यांना माहिती सांगणारा चुलतभाऊ रशूद ओरडला. "यांचं जहाज चुकलं तर मालक दोघांनाही हाकलून देईल!"

"देऊ दे."

त्यानं आणि आईनं शम्साला चादरीत घालून होडीत आणलं, तेव्हा चादर रक्तानं भिजली होती. पाहुणे सरकून बसले. आईनं शम्साचं डोकं मांडीवर घेतलं, एका गोऱ्या म्हातारीनं पाय. दवाखाना होता खसबलाच. मुसब्बहनं इंजिन होतं तेवढं पळवलं. पण लाकडी होडी ती, पळून पळून पळणार किती? खाडी संपता संपेना.

"शम्सा, बोल गं. शिव्या दे हवं तर. मी जायलाच नको होतं." आधी ती हुं म्हणायची. मग तेही थांबलं. "या अल्ला, एवढं बंदर गाठू दे," तो पुटपुटत राहिला.

धक्का दिसायला लागला. पांढरं जहाज अजून तिथंच होतं. आईनं शम्साचे डोळे मिटवले, उठली आणि मुलाच्या पाठीवर हात ठेवला.

"सावकाश चालव, बाळा. आता घाई नाही."

त्यानं मागं वळून पाहिलंच नाही.

"घाई कशी नाही?" तो रडत रडत ओरडला. "यांचं जहाज चुकेल ना!"